गट म्हणजे धाकटा क्लस्टर नव्हे

जवळच्या दीर्घिका-गटांच्या क्ष-किरण निरीक्षणांवरच्या लेखानंतर बरेच प्रश्न आले. गट म्हणजे गुरुत्वाने बांधलेल्या मोजक्या दीर्घिका; क्लस्टरमध्ये त्या शेकडोंनी असतात. दोन्हींत दीर्घिकांच्या मधे तापलेला वायू पसरलेला असतो आणि त्याचेच क्ष-किरण आपण बघतो. काही अगदी मुळातले, तर काही थेट डेटा उघडून बसलेल्यांचे. एकसारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत. आकाशातली अंतरं कला आणि विकलांत दिली आहेत: एका अंशाच्या ६० कला, एका कलेच्या ६० विकला.

प्रश्न: दीर्घिकांचा गट आणि क्लस्टर यांत फरक आकाराचाच ना? मग गटांसाठी वेगळी पद्धत कशाला?

सगळ्या गोंधळाचं मूळ याच समजुतीत आहे, म्हणून हा प्रश्न सर्वांत आधी घेतला.

गटाचं एकूण वस्तुमान साधारण १० लाख कोटी ते १ कोटी कोटी सूर्यांइतकं असतं, मोठ्या क्लस्टरचं त्याच्या दसपट किंवा अधिक. गुरुत्वाच्या खड्ड्यात अडकलेला वायू खड्डा जितका खोल तितका तापतो. क्लस्टरमध्ये तो ४ ते १० किलोइलेक्ट्रॉन-व्होल्टवर असतो, म्हणजे रोजच्या बोलीत ४ ते १० केईव्ही. गटात तो साधारण अर्धा ते दोन केईव्ही. (१ केईव्ही म्हणजे सुमारे १ कोटी १६ लाख केल्विन.) इथवर फरक खरोखर आकाराचाच आहे.

पुढे मात्र दोन गोष्टी बदलतात. पहिली म्हणजे प्रकाश कुठून येतो. ५ केईव्हीच्या वायूत इलेक्ट्रॉन अणुकेंद्रांजवळून जाताना वळतात आणि त्यातून सलग वर्णपट निघतो. रेषा (अणूंनी ठरावीक ऊर्जांना सोडलेला प्रकाश) त्यावर वरवर पेरलेल्या असतात. १ केईव्हीला लोहाच्या अणूवर अजून बरेच इलेक्ट्रॉन शिल्लक असतात आणि प्रकाशाचा मोठा वाटा रेषांमधूनच येतो. दुसरी गोष्ट मधल्या कृष्णविवराची. क्लस्टरमधला वायू इतका घट्ट बांधलेला असतो की कृष्णविवराच्या उद्रेकाने तो गाभ्यात ढवळतो, पण बाहेर फेकला जात नाही. गटात तेवढ्याच ऊर्जेने वायू दूर ढकलला जातो. विश्वात एकूण वस्तुमानाच्या सुमारे १६ टक्के साधं द्रव्य आहे. गटांच्या आतल्या भागात तापलेला वायू बहुधा ५ ते १० टक्केच सापडतो. क्लस्टरसाठी बसवलेली सूत्रं थेट गटाला लावली की उत्तर चुकतं ते या दोन कारणांनी.

प्रश्न: हे जमिनीवरच्या दुर्बिणीतून का दिसत नाही? आणि क्ष-किरणांना आरसा चालतो का?

वातावरण क्ष-किरण पूर्ण शोषून घेतं, म्हणून दुर्बीण वर न्यावीच लागते. आरसा चालतो, पण समोरून नाही. समोरून पडलेला क्ष-किरण धातूत शिरून शोषला जातो. पाण्यावर चपटा दगड टिपऱ्या घेत जावा तसा अगदी तिरका पडला तरच परावर्तित होतो. म्हणून आरसे नळकांड्यासारखे, एकात एक बसवलेले असतात. चंद्रा दुर्बिणीत इरिडियमचा मुलामा दिलेल्या अशा ४ जोड्या आहेत, एक्सएमएम-न्यूटनच्या तीन दुर्बिणींत प्रत्येकी सोन्याचा मुलामा दिलेली ५८ नळकांडी. दोन्ही १९९९ मध्ये वर गेल्या. गटातल्या दीर्घिकांच्या मधे पसरलेला तापलेला वायू त्याआधीच, १९९३ मध्ये, रोसॅट दुर्बिणीच्या निरीक्षणांतून एनजीसी २३०० च्या गटात ओळखला गेला होता.

प्रश्न: जवळचा गट जास्त तेजस्वी आणि जास्त तपशिलात दिसणार. मग सर्वांत जवळचाच निवडावा ना?

गाभा बघायचा असेल तर हो. संपूर्ण गट बघायचा असेल तर जवळीकच आड येते.

एनजीसी ५०४४ चं उदाहरण घ्या. अंतर सुमारे ३१ मेगापार्सेक. (१ मेगापार्सेक म्हणजे १००० किलोपार्सेक, सुमारे ३२ लाख ६० हजार प्रकाशवर्षं.) तिथे १ कला म्हणजे ९ किलोपार्सेक. साधारण १ केईव्हीच्या गटाची ज्या त्रिज्येपर्यंत मोजणी करायची प्रथा आहे (आतली सरासरी घनता विश्वाच्या क्रांतिक घनतेच्या ५०० पट भरते ती त्रिज्या) ती ४५० किलोपार्सेकच्या आसपास येते. ३१ मेगापार्सेकवर हे ५० कला झाले, तेही फक्त त्रिज्या! चंद्राच्या चार चिपांच्या एसीआयएस-आय कॅमेऱ्याच्या चौकटीची बाजू १७ कलांपेक्षा थोडी कमी आहे. एक्सएमएमचं क्षेत्र ३० कला व्यासाचं. म्हणजे एका निरीक्षणात गाभा आणि त्याभोवतीचा भागच हाती लागतो. तोच गट १०० मेगापार्सेकवर असता तर ती त्रिज्या साडेपंधरा कला भरली असती आणि एक्सएमएमच्या चौकटीत जवळजवळ मावली असती.

निवड करताना हिशोब असा: गाभ्यातल्या पोकळ्या (कृष्णविवराच्या उद्रेकाने वायूत पडलेल्या), धक्कालहरी, बारीक कडा हव्या असतील तर चंद्रा, कारण अक्षाजवळ तिची धार (म्हणजे दोन बिंदू सुटे दिसण्याचं लहानात लहान अंतर) अर्ध्या विकलेची आहे. तापमान आणि धातूंचं (खगोलशास्त्रात हीलियमपेक्षा जड सगळ्या मूलद्रव्यांचं) प्रमाण बाहेरपर्यंत हवं असेल तर एक्सएमएम. तिची धार ६ विकलांची, पण प्रकाश गोळा करण्याची ताकद कितीतरी अधिक. गटांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. चंद्राच्या कॅमेऱ्यासमोरच्या फिल्टरवर वर्षानुवर्षं मळाचा थर साचत गेला आहे आणि तो नेमका १ केईव्हीखालचे किरण खातो. गटाचा बहुतेक प्रकाश तिथेच असतो. म्हणून एकाच गटाची सन २००० च्या आसपासची आणि अलीकडची अशी दोन्ही निरीक्षणं संग्रहात असतील, तर वेळ सारखा असला तरी जुन्यात फोटॉन जास्त मिळतात.

प्रश्न: एक्सएमएमचं ५० हजार सेकंदांचं निरीक्षण उतरवून घेतलं. साफ केल्यावर २८ हजारच उरले. माझं काही चुकलं का?

चुकलं नाही, हे नेहमीचंच आहे. एक्सएमएमच्या लांबुळक्या कक्षेत कमी ऊर्जेचे प्रोटॉन अधूनमधून आरशांतून थेट कॅमेऱ्यावर ओतले जातात. त्या वेळची मोजणी कित्येक पटींनी फुगते आणि ती वेळ टाकूनच द्यावी लागते. १० केईव्हीच्या वर गटाचा प्रकाश जवळजवळ नसतो, म्हणून त्या पट्ट्यात १०० सेकंदांचे तुकडे पाडून प्रकाशवक्र (वेळेनुसार मोजणीचा आलेख) काढा. सुरुवातीला एक्सएमएमच्या पीएन कॅमेऱ्यासाठी सेकंदाला ०.४ आणि एमओएस कॅमेऱ्यासाठी ०.३५ काउंट (टिपलेल्या नोंदी) ही मर्यादा धरतात. मात्र हे आकडे डोळे मिटून लावू नका. प्रकाशवक्र समोर उघडा. मधला शांत पट्टा ०.२ वर असेल तर ०.४ ची मर्यादा बरेच छोटे उद्रेक आत येऊ देते.

एवढं करूनही बारीक, संथ उद्रेक उरतो. तो ओळखण्यासाठी कॅमेऱ्याच्या ज्या कोपऱ्यांवर आकाशाचा प्रकाश पडतच नाही तिथली मोजणी आणि आकाश दिसणाऱ्या भागातली मोजणी यांची उच्च ऊर्जेला तुलना करा. आकाशाच्या भागात ती ठळकपणे जास्त असेल तर प्रोटॉन अजून आहेत. तेव्हा फिटमध्ये (म्हणजे वर्णपटावर मॉडेल बसवताना) त्यांच्यासाठी स्वतंत्र घातांकी (पॉवर-लॉ) घटक ठेवावा लागतो आणि तो आरशांच्या प्रतिसादातून जाऊ द्यायचा नसतो.

प्रश्न: त्याच चित्राच्या कोपऱ्यातून पार्श्वभूमी घेऊन वजा केली. बाहेरच्या कड्यांमध्ये (केंद्राभोवती पाडलेल्या वर्तुळाकार पट्ट्यांत) तापमान विचित्र उड्या मारतं.

जवळच्या गटात कोपराही गटाच्या आतच असतो! तुम्ही पार्श्वभूमी म्हणून गटाचाच बाहेरचा वायू वजा केला. शिवाय कोपऱ्यात आरशांचा प्रकाश मध्यापेक्षा बराच कमी पोचतो, पण कॅमेऱ्यावर आदळणाऱ्या कणांची मोजणी कमी होत नाही. ही दोन्ही प्रमाणं वेगळी असताना एकाच गुणकाने वजाबाकी केली तर एक कमी आणि दुसरं जास्त वजा होतं.

उपाय म्हणजे पार्श्वभूमी वजा न करता तिचं मॉडेल बसवायचं. कणांचा भाग वेगळा. आकाशाचा भाग तीन थरांचा: सूर्याभोवतीच्या स्थानिक तप्त बुडबुड्याचे सुमारे ०.१ केईव्ही, त्याला शोषण (वाटेतल्या आकाशगंगेच्या वायूने खाल्लेले किरण) लावायचं नाही. आपल्या आकाशगंगेच्या प्रभामंडळाचे सुमारे ०.२ केईव्ही, शोषणासह. आणि दूरच्या, वेगळ्या न दिसणाऱ्या कृष्णविवरांचा घातांकी वर्णपट, निर्देशांक साधारण १.४. पहिले दोन थर बांधून ठेवायला रोसॅटच्या सर्वेक्षणातला गटाभोवतीच्या कड्याचा वर्णपट सोबत फिट करतात. क्लस्टरमध्ये हे थर थोडे चुकले तरी निभावतं, कारण क्लस्टर ५ केईव्हीवर आणि हे ०.२ वर. गटाच्या बाहेरच्या कडेला वायूच ०.६-०.७ केईव्हीचा, म्हणजे अगदी शेजारी. त्यात सौर वाऱ्यातले आयन पृथ्वीजवळच्या हायड्रोजनकडून इलेक्ट्रॉन घेताना ऑक्सिजनच्या ०.५६ आणि ०.६५ केईव्हीच्या रेषा सोडतात, आणि त्या दिवसागणिक बदलतात. दोन वेगळ्या तारखांची निरीक्षणं एकत्र फिट करत असाल तर या रेषांची उंची प्रत्येकासाठी मोकळी ठेवा.

जाता जाता: एमओएस कॅमेऱ्याच्या स्वतःच्या ॲल्युमिनियमची रेषा १.४९ केईव्हीला येते आणि गटातल्या मॅग्नेशियमची १.४७ ला. कॅमेरा त्यांना वेगळं करू शकत नाही. बाहेरच्या कड्यात मॅग्नेशियम भरपूर निघालं तर आधी ॲल्युमिनियमवर संशय घ्या.

प्रश्न: बिंदुस्रोत काढायला वेव्हडिटेक्ट (ते शोधणारा प्रोग्राम) चालवलं, तर गटाचा गाभाच उडाला.

तीक्ष्ण गाभा त्याला बिंदूच वाटतो. १, २, ४, ८, १६ पिक्सेल ही मापं ठेवून यादी काढा आणि मग मधल्या एक कलेतली प्रत्येक नोंद डोळ्यांनी तपासा. २ केईव्हीच्या वरच्या पट्ट्यातही जे टोकदार दिसतं ते बहुधा खरं कृष्णविवर किंवा द्वैती तारा असतो. फक्त मऊ (कमी ऊर्जेच्या) पट्ट्यात दिसतं ते वायूचा गोळा असू शकतं. ते झाकू नका.

प्रश्न: गाभ्यात लोहाचं प्रमाण सूर्याच्या ०.२ पट निघालं, बाहेर ०.४. धातू तर मधे जास्त असायला हवेत. वायू असा उलटा कसा?

वायू उलटा असण्यापेक्षा फिट फसलेली असण्याची शक्यता खूप जास्त आहे. ही चूक गटांच्या अभ्यासात इतकी ओळखीची आहे की तिला लोह-विपर्यास असं नावच पडलं आहे. ती कशी घडते ते वर्णपट समोर ठेवून बघू.

एक्सस्पेक या वर्णपटावर मॉडेल बसवण्याच्या प्रोग्रामात वर्णपट काढा आणि ०.७ ते १.२ केईव्हीचा भाग मोठा करा. तिथे एक उंचवटा दिसेल. सलग दिसतो, पण तो लोहाच्या शेकडो रेषांचा ढीग आहे. कॅमेऱ्याचं ऊर्जेचं विभेदन या भागात साधारण १०० इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास, त्यामुळे रेषा एकमेकींत मिसळून एक टेकडी उरते. वायू थंड असेल तर लोहावर इलेक्ट्रॉन जास्त, आणि टेकडीचं शिखर ०.८ च्या आसपास. वायू तापला की इलेक्ट्रॉन गळत जातात आणि शिखर उजवीकडे, १.१ कडे सरकतं. गटाचा तापमापक हाच: टेकडीचं शिखर कुठे आहे. म्हणूनच थोड्या फोटॉनांतही गटाचं तापमान चांगलं मिळतं. आणि टेकडी सलग पायापेक्षा किती उंच, यावरून लोह.

आता गाभ्यात ०.७ आणि १.२ केईव्हीचे दोन वायू एकत्र आहेत असं धरा. थंड होत जाणाऱ्या गाभ्यात ते असतातच. दोन टेकड्या एकमेकींवर पडून एक रुंद, बुटकी टेकडी बनते. तुम्ही मात्र एकाच तापमानाचं मॉडेल दिलं आहे. त्या मॉडेलकडे फक्त अरुंद टेकडी आहे. रुंद टेकडीच्या दोन्ही उतारांवरचा प्रकाश भरून काढायचा तर त्याच्यापाशी एकच मार्ग उरतो: लोह कमी करायचं आणि सलग पाया उचलायचा. म्हणून लोह कमी निघतं. बाहेरच्या कड्यात वायू एकाच तापमानाच्या जवळ असतो, तिथे फसगत कमी. त्यामुळे उलटा उतार दिसतो.

नुकसान लोहापुरतं थांबत नाही. १ केईव्हीला बहुतेक प्रकाश रेषांचा असल्यामुळे लोह निम्मं धरलं की तेवढाच प्रकाश दाखवायला वायूचं उत्सर्जन-माप दुपटीजवळ जातं. ते घनतेच्या वर्गावर अवलंबून असतं, म्हणजे घनता ४० टक्क्यांपर्यंत फुगते. मग दाब, एन्ट्रॉपी, वायूचं वस्तुमान, सगळंच हलतं.

उपाय: दुसरा एपेक (तापलेल्या वायूच्या प्रकाशाचं मॉडेल) घटक घाला, दोन्हीचं लोह एकमेकांना बांधा, तापमानं ०.७ आणि १.२ पासून सुरू करा. काउंट कमी असतील तर फिट किती जुळते ते मोजायला काय-वर्गाऐवजी सी-स्टॅट वापरा. दुसऱ्या घटकाने फिट ठळकपणे सुधारली आणि लोह ०.२ वरून ०.७-०.८ वर गेलं, तर तुमचं आधीचं उत्तर हा विपर्यासच होता. मोठ्या लंबवर्तुळाकार दीर्घिकेतल्या द्वैती ताऱ्यांसाठी आणखी एक कठीण, साधारण ७ केईव्हीचा घटक लागतो. तो विसरला तरी सलग पाया वर जातो आणि लोह खाली येतं.

आणि दुसऱ्यांच्या आकड्यांशी तुलना करण्याआधी सूर्याचा तक्ता (सूर्यातल्या मूलद्रव्यांच्या प्रमाणांचा) बघा. १९८९ च्या तक्त्यातलं लोह २००९ च्या तक्त्याच्या जवळपास दीडपट आहे. म्हणून जुन्या तक्त्याने ०.५० निघालेलं लोह नव्याने ०.७४ होतं, वायू तोच असताना. एक्सस्पेक उघडल्यावर तक्ता आपण ठरवला नाही तर आपोआप जुनाच लागतो.

प्रश्न: वायूवरून गटाचं एकूण वस्तुमान हाताने काढता येईल का?

येईल. वायू स्थिर आहे, दाब गुरुत्वाला तोलतो आहे असं धरायचं. सूत्र व्यवहारी एककांत असं: ३.७ लाख कोटींच्या दहापट सूर्य (म्हणजे ३.७ गुणिले १० चा १३ वा घात), गुणिले तापमान केईव्हीमध्ये, गुणिले त्रिज्या मेगापार्सेकमध्ये, गुणिले उतार. उतार म्हणजे घनता आणि तापमान त्रिज्येबरोबर ज्या घातांकाने उतरतात त्यांची बेरीज. गटात बीटा-मॉडेलचा (घनता कशी उतरते याच्या नेहमीच्या सूत्राचा) बीटा ०.५ च्या आसपास येतो, म्हणजे बाहेर घनतेचा उतार १.५. तापमानाचा ०.३ धरू. १ केईव्ही, ०.३ मेगापार्सेक: ३.७ × १ × ०.३ × १.८, म्हणजे २ गुणिले १० चा १३ वा घात सूर्य.

सूत्रात घनता किती हे येत नाही, ती कशी उतरते एवढंच येतं. चुका म्हणूनच उताराच्या असतात. शेवटच्या दोन कड्यांत पार्श्वभूमी जरा जास्त वजा झाली की उतार तीव्र होतो आणि वस्तुमान फुगतं. तापमानासाठी दर कड्यात निदान हजार काउंट हवेत, थरांची सोलणी करून खरी त्रिमितीय तापमानं काढायची तर दुप्पट-तिप्पट. नाही मिळाले तर कड्या रुंद करा. दहा डळमळीत बिंदूंपेक्षा चार भक्कम बिंदू बरे.

प्रश्न: गाभ्यातल्या पोकळ्या खऱ्या की चित्रावर प्रक्रिया करताना तयार झालेल्या, हे कसं ओळखावं?

अरुंद गुळगुळीत केलेल्या चित्रातून रुंद गुळगुळीत केलेलं वजा केलं की थोड्या फोटॉनांच्या चित्रात पोकळ्या हव्या तेवढ्या उगवतात. म्हणून मूळ काउंटवर परत या. पोकळीच्या जागी आणि त्याच त्रिज्येवर, इतर दिशांना तेवढ्याच क्षेत्रात फोटॉन मोजा. समजा बाजूला सरासरी ४०० आणि पोकळीत ३००. ४०० ची यादृच्छिक चढउतार २०, म्हणजे १०० ची घट तिच्या पाचपट: खरी. ४० विरुद्ध ३० असेल तर मुळीच नाही.

दुसरा पुरावा रेडिओचा. पोकळीत कृष्णविवराने सोडलेला चुंबकित प्लाझ्मा भरलेला असतो. तो जुना झाला की उच्च वारंवारतेला विझतो आणि कमी वारंवारतेलाच दिसतो. म्हणूनच जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीची २३५ आणि ६१० मेगाहर्ट्झची निरीक्षणं गटांच्या अभ्यासात इतकी मोलाची ठरली आहेत. ८० मेगापार्सेकच्या आतल्या ५३ गटांच्या क्लॉग्स या नमुन्यात ती क्ष-किरणांच्या जोडीने वापरली गेली.

ऊर्जेचा अंदाज सोपा आहे. ५ किलोपार्सेक त्रिज्येची पोकळी, भोवती घनसेंटिमीटरला ०.०२ इलेक्ट्रॉन, तापमान ०.८ केईव्ही. दाब गुणिले आकारमान गुणिले ४ केलं की ३ गुणिले १० चा ५७ वा घात अर्ग (ऊर्जेचं एकक). या वायूत ध्वनीचा वेग सेकंदाला ४६० किलोमीटर. पोकळी केंद्रापासून १० किलोपार्सेकवर असेल तर वय सुमारे २ कोटी वर्षं. भागाकार केला की सेकंदाला ५ गुणिले १० चा ४२ वा घात अर्ग, म्हणजे चांगल्या तेजस्वी गटाच्या क्ष-किरण प्रकाशाच्याच तोडीचं. गाभा थंड होऊन कोसळत का नाही, याचं उत्तर या भागाकारात आहे. मात्र पोकळीची खोली दिसत नाही, ती रुंदीइतकी धरावी लागते. म्हणून उत्तर दुपटी-तिपटीने इकडेतिकडे होऊ शकतं.

प्रश्न: २०२३ मध्ये गेलेली एक्सरिझम क्ष-किरण दुर्बीण लोहाच्या त्या टेकडीतल्या रेषा सुट्या करेल ना?

तिच्या रिझॉल्व्ह उपकरणाचं विभेदन सुमारे ५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे, रेषा सहज सुट्या झाल्या असत्या. पण उपकरणासमोरचं झाकण उघडलेलं नाही. त्यातल्या बेरिलियमच्या खिडकीतून सुमारे १.७ केईव्हीखालचं काही येत नाही, आणि टेकडी १.२ लाच संपते. सिलिकॉन आणि गंधकाच्या रेषा मिळतात. लोहासाठी सध्या एक्सएमएमची जाळी, म्हणजे आरजीएस, हाच मार्ग. तिथे स्रोताच्या पसरटपणाने रेषा फासतात, तरंगलांबीत दर कलेला ०.१३८ अँगस्ट्रॉम, म्हणून लहान, टोकदार गाभ्यांनाच ती लावा.

प्रश्न: पहिल्या प्रकल्पासाठी कोणता गट घ्यावा?

एचसीजी ६२ घ्या. पॉल हिक्सन यांच्या १९८२ च्या यादीतला हा दाट गट साधारण ६० मेगापार्सेकवर आहे, उत्तरेला आणि दक्षिणेला पोकळ्या स्पष्ट आहेत, गाभ्यात दोन तापमानं सापडतात, आणि चंद्रा आणि एक्सएमएम दोन्हींचा डेटा खुल्या संग्रहात आहे. म्हणजे वरचा प्रत्येक प्रश्न तुम्हाला त्यात भेटेल. धक्कालहरी शिकायच्या तर एनजीसी ५८१३. स्टीफनचं पंचक दिसायला मोहक आहे, पण वस्तुमान काढायला घेऊ नका. तिथे एक दीर्घिका सेकंदाला हजारेक किलोमीटरने वायूत घुसते आहे, आणि स्थिरतेचं गृहीतकच लागू पडत नाही.

ई-रोसिटा या क्ष-किरण सर्वेक्षणाचा जानेवारी २०२४ मध्ये खुला झालेला अर्ध्या आकाशाचा डेटाही बघा, विशेषतः चौकटीत न मावणाऱ्या गटांच्या बाहेरच्या भागासाठी. त्यात ५ आणि ७ क्रमांकाच्या दुर्बिणींत सूर्याचा उजेड झिरपतो, म्हणून मऊ पट्ट्यात उरलेल्या पाचच वापरा. आणि वहीच्या पहिल्या पानावर चार गोष्टी लिहून ठेवा: सूर्याचा कोणता तक्ता, ॲटमडीबीची (रेषांची माहिती देणाऱ्या संग्रहाची) कोणती आवृत्ती, हायड्रोजनचं शोषण किती धरलं, गटाचं अंतर किती धरलं. सहा महिन्यांनी तुमचाच आकडा तुम्हाला जुळवता आला नाही, तर फरक बहुधा या चारांतच सापडतो.